नास्तिकाचं सोवळं

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून उत्तर द्यायला चार दिवस लावले.

तुमचं म्हणणं असं: नास्तिकता हाही आता धर्मच झालाय, त्याच्या पोथ्या आणि महाराज ठरलेले आहेत, दोन्ही बाजू सारख्याच कर्मठ आहेत. 'नास्तिकता हा धर्म असेल तर टक्कल ही हेअरस्टाईल' हे माझं वाक्य आम्ही मंडळी आरतीसारखं घोळवतो. पुरावा म्हणून रशिया. आणि शेवटी प्रश्न, 'तुम्हाला कधी स्वतःची शंका येते का?'

आरतीचं मान्य. ते वाक्य उसनंच आहे, आणि विचार करायचा कंटाळा आला की मी ते पुढे करतो.

रशियाचं मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. तिथे १९२५ मध्ये देव न मानणाऱ्यांची संघटना निघाली, १९२९ मध्ये तिने नावात 'लढाऊ' हा शब्द घातला. बाप्तिस्म्याच्या जागी 'ऑक्टोबर संस्कार' आला, मुलींची नावं 'निनेल' ठेवू लागले, म्हणजे लेनिन उलटा वाचायचा. रशियन घरात देवाच्या तसबिरींचा कोपरा असे, त्याला 'लाल कोपरा' म्हणत. पुढे कारखान्यांत आणि वसतिगृहांत लेनिनच्या तसबिरीचा कोपरा झाला, नाव तेच राहिलं. १९२४ च्या जानेवारीत लेनिन गेला तेव्हा त्याच्या बायकोनं, क्रुप्स्कायानं, 'प्रावदा' या पक्षाच्या वृत्तपत्रात लिहून विनवलं होतं की त्याची स्मारकं उभारू नका. ऐकतोय कोण! त्यांनी अख्खा देहच काचेत ठेवला. मॉस्कोतलं ख्राइस्ट द सेव्हिअर कॅथेड्रल ५ डिसेंबर १९३१ ला सुरुंग लावून पाडलं. तिथे डोक्यावर लेनिनचा अवाढव्य पुतळा असलेला प्रासाद बांधायचा होता. तो झालाच नाही, पोहण्याचा तलाव झाला, आणि आता त्या जागी पुन्हा चर्च उभं आहे.

इथवर सगळं तुमच्या बाजूचं. आता पुढचं ऐका. ती लढाऊ संघटना १९४१ मध्ये गुंडाळली गेली. सप्टेंबर १९४३ मध्ये, ऐन युद्धात, स्टालिननं तीन धर्मगुरूंना क्रेमलिनमध्ये बोलावलं आणि चर्चला आपला प्रमुख निवडायची मुभा दिली. गरज पडली तेव्हा निरीश्वरवाद असा खुंटीला टांगता आला. त्याच वर्षी जानेवारीत निकोलाय वाविलोव, देशोदेशी फिरून पिकांचं बियाणं गोळा करणारा आनुवंशशास्त्रज्ञ, सारातोवच्या तुरुंगात मेला. १९४८ मध्ये लिसेंको या सरकारच्या लाडक्या शेतीतज्ज्ञाच्या दबदब्याखाली आनुवंशशास्त्रच निषिद्ध ठरलं. जनुकं आहेत की नाहीत यात देवाचा काय संबंध? कम्युनिस्ट पक्षाला चर्च चालवून घेता आलं, आनुवंशशास्त्राचा पाया घालणारा मेंडेल चालला नाही. (मेंडेल स्वतः मठातला, हे आणखी गमतीचं.)

तेव्हा माझ्या मते तिथे पोथी झाली ती पक्षाची. नास्तिकता तिच्यातलं एक पान होती, प्रसंगी दुमडून ठेवण्यासारखं.

पण एवढ्यावर थांबलो तर ती पळवाट होईल. 'आमचा खरा नास्तिक असा नसतो' हे म्हणणं आणि प्रत्येक धर्मवाल्यानं आपल्या दंगेखोरांबद्दल म्हणणं, यात फरक काय? रशियात चर्चच्या घंटा उतरवायला जी पोरं गेली, ती सगळीच काही वरून हुकूम आला म्हणून गेली नसणार. आपल्याला जे कळलंय ते गावाला कळलेलं नाही, याची एक नशा असते. ती मला ओळखीची आहे.

'दोन्ही बाजू सारख्याच' हे मात्र महाराष्ट्रात बसून माझ्या गळी उतरत नाही. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून अंनिस (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) चालवली ती देव-धर्माबाबत तटस्थ राहून. तिथे कार्यकर्ता व्हायला नास्तिक असण्याची अट नाही. आमच्यातले कडवे त्यांना यावरून नावं ठेवायचे, मीही एकेकाळी ठेवली. इतकं सबुरीनं घेणाऱ्या माणसाला २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. सारखेपणाचा हिशेब मांडताना हे कुठल्या रकान्यात घालायचं, ते तुम्हीच सांगा.

आता शंकेचं. काही वर्षांपूर्वी मावशीकडे सत्यनारायण होता. मी तीर्थ नाकारलं, इथवर ठीक. मग शिऱ्याचा द्रोण पुढे आला, तोही नाकारला आणि वर दहा मिनिटं भाषण ठोकलं. मावशी पहाटेपासून चुलीशी होती. ती काही बोलली नाही, द्रोण परत आत घेऊन गेली. कथेत कलावती प्रसाद टाकून धावते आणि तिच्या नवऱ्याची नाव बुडते. ती कथा खोटी ठरवायला मी प्रसाद टाकला. रवा, तूप, साखर, केळं यांच्यापलीकडे त्या शिऱ्यात काहीतरी आहे असं मानणारे त्या घरात दोघंच उरलो होतो, भटजी आणि मी. आजी सोवळ्यात असली की कुणाचा हात लागू देत नसे. त्या दिवशी माझंही तसंच चाललं होतं, फक्त माझ्या अंगावर जीन्स होती.

देव नाही, याबद्दल मला फारशी शंका येत नाही. त्या दहा मिनिटांच्या भाषणाबद्दल येते. मावशीशी त्यावर अजून बोललेलो नाही.