जर्मनीचं चान्सेनकार्ट म्हणजे पूर्णवेळ नोकरीचा परवाना नव्हे

‘सहा गुण जमवा, चान्सेनकार्ट घ्या आणि जर्मनीत उतरताच पूर्णवेळ कामाला लागा’ हा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

1 जून 2024 पासून मिळणारं हे ‘संधी कार्ड’ म्हणजे नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत राहण्याचा परवाना आहे, तोही जास्तीत जास्त एक वर्षासाठी. त्यावर आठवड्याला एकूण 20 तासच काम करता येतं. शिवाय एका मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम चालतं. पूर्णवेळ नोकरी मिळाली, तर रुजू होण्याआधी परवाना बदलून घ्यावा लागतो.

गुणांची गल्लत तर आणखी मोठी. मायदेशात मान्य असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण, आणि जर्मन ए1 किंवा इंग्रजी बी2 (ए1 ते सी2 या भाषेच्या चढत्या पातळ्या), या प्राथमिक अटी आहेत. त्यांचे गुण मिळत नाहीत; लागणारे सहा गुण इतर गोष्टींतून जमवावे लागतात. जर्मन ए2 ला 1, बी1 ला 2, बी2 ला 3 गुण. इंग्रजी सी1 ला 1. वय 35 पर्यंत असेल तर 2. अनुभव पात्रतेशी जोडलेलाच धरतात: गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा असेल तर 2, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा असेल तर 3. असंबंधित नोकरीची वर्षं मोजल्यानं बेरीज फसते. पात्रतेला जर्मनीत पूर्ण मान्यता असेल, तर मात्र गुणांची गरजच नाही.

खर्चाची सोयही दाखवावी लागते. 2025 साली त्यासाठी महिना 1,091 युरो धरले गेले. वर्षाचे 13,092 सहसा ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात ठेवतात. ‘हमखास कार्ड’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. निर्णय जर्मन अधिकारीच घेतात.