भूमिपूजन झालं, आता काय उरलं?

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये, डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर होणाऱ्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. तेव्हापासून किनारपट्टीवरच्या ओळखीच्या लोकांकडून एकच गोष्ट ऐकतो आहे. "आता काय उरलंय? हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, पंतप्रधान येऊन पायाभरणी करून गेले, शहात्तर हजार कोटींचा प्रकल्प आहे. आपण कोण अडवणार?" हे बोलणारे बंदराचे समर्थक नाहीत. काळे झेंडे घेऊन रस्त्यावर उतरलेली, बोटी बंद ठेवून धंद्याचं नुकसान सोसलेली माणसं आहेत. १९९८ मध्ये डहाणू तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी नेमलेल्या डहाणू प्राधिकरणाने हेच बंदर नाकारलं होतं, तो दिवस त्यांनी पाहिला आहे. एकदा जिंकलेली लढाई पुन्हा पहिल्यापासून लढायची आणि या वेळी हरताना दिसायची, याने माणूस आतून खचतो. मला ते कळतं.

तरीही मला त्यांना नर्मदेबद्दल सांगायचं आहे. नर्मदेची गोष्ट आपल्याकडे अर्धीच सांगितली जाते. आंदोलन झालं, मेधाताई पाटकर उपोषणाला बसल्या, कोर्टात हरले, धरण झालं, एवढीच. मला त्यातला "कोर्टात हरले" नंतरचा भाग महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

नर्मदेवरच्या, गुजरातमधल्या सरदार सरोवर धरणाची कोनशिला नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ ला बसवली. लोकार्पण झालं १७ सप्टेंबर २०१७ ला. मध्ये छप्पन्न वर्षं. यातला बराच काळ राज्यांच्या आपसातल्या भांडणात गेला. ते मिटवायला लवाद नेमला गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याचा निवाडा आला. उंची ठरली १३८.६८ मीटर. त्याच निवाड्यात बुडणाऱ्या माणसांसाठीही काही लिहिलं होतं : जमिनीच्या बदल्यात जमीन, खातेदाराला किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब, आणि पाणी चढण्याआधी पुनर्वसन. सातपुड्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ज्या ३३ गावांवर हे पाणी येणार होतं, तिथे यातलं काहीही पोचलं नव्हतं. मेधा पाटकर १९८५ मध्ये त्या डोंगरात गेल्या, गावोगाव बैठका झाल्या आणि नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली. लोक सुरुवातीला "धरण नको" म्हणत नव्हतेच. आमची जमीन कुठे आहे ती दाखवा, एवढंच विचारत होते. जमीन दाखवता येईना, तेव्हा धरणालाच विरोध सुरू झाला.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. बाबा आमटे आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. फेरकुव्याला संघर्ष यात्रा अडवली गेली, तिथे थंडीत उपोषण झालं. त्यानंतर जागतिक बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करावी लागली. १९९२ मध्ये ती तपासणी करणाऱ्या मोर्स समितीचा अहवाल आला आणि मार्च १९९३ मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. त्याच वर्षी पावसाळ्यात या ३३ गावांपैकी मणिबेलीत पाणी शिरलं. १९ नोव्हेंबर १९९३ ला चिंचखेडीत सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात रेहमल वसावे हा कोवळा आदिवासी मुलगा गेला. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने काम थांबवलं. १९९९ मध्ये थोडी उंची वाढवायची परवानगी मिळाली, आणि त्या पावसाळ्यात डोमखेडीला लोक छातीभर पाण्यात उभे राहिले.

मग आला १८ ऑक्टोबर २०००. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी धरणाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती भरुचांनी वेगळं मत दिलं, पण निकाल बहुमताचाच. आज वाढवणला ऐकू येतं ते वाक्य तेव्हा महाराष्ट्रभर ऐकू येत होतं. संपलं. आंदोलनाबद्दल मनापासून आस्था असलेले लोकही तेच म्हणत होते.

त्या निकालात धरण आधी ९० मीटरपर्यंत नेण्याची परवानगी होती. त्यापुढे टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याला त्या पातळीत बुडणाऱ्यांचं पुनर्वसन झाल्याची खात्री करून. शहरात बसून वाचणाऱ्याला ही अट म्हणजे तोंडदेखली पळवाट वाटली असेल. डोंगरातल्या लोकांनी मात्र तिथेच पाय रोवला. धरण अडवता येत नाही ना, ठीक. मग प्रत्येक टप्प्याला आमचा हिशोब द्या. आणि तो कुणालाही चुकवता येऊ नये म्हणून ते स्वतः वह्या घेऊन बसले.

मी धडगावच्या बाजूला एका पाड्यावर अशी पडताळणी पाहिली आहे. आंब्याखाली खाट, खाटेवर तलाठी आणि त्याचं दप्तर, समोर जमिनीवर अख्खा पाडा. सरकारच्या यादीत होते ते "घोषित", नव्हते ते "अघोषित". पाड्यावरचं निम्मं भांडण या एका अक्षराचं. घर आहे, शेत आहे, शेताच्या बांधावर आजोबाने लावलेला महू आहे, पण सातबारा नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वनखात्याच्या नावावर. त्यामुळे माणूस अतिक्रमणदार. मुलगा सज्ञान आहे याचा पुरावा काय? जन्माची नोंद नाही, शाळा कागदावरच असल्यामुळे दाखला नाही. एक म्हातारा उठला आणि त्याने कुठल्या वर्षी कुठला पूर आला, कुणाचं लग्न कधी झालं, त्याच्या आगेमागे मुलगा कधी जन्मला हे क्रमाने सांगायला सुरुवात केली. शेजारी बसलेला आंदोलनातला पोरगा ते वहीत उतरवत होता, आणि तलाठ्याला ते पंचनाम्यात घ्यावं लागत होतं. "आमचं शेत पाण्यात नाही, पण चारी बाजूंनी पाणी येणार, मग जायचं कुठून?" असं विचारणारे "टापू"वाले वेगळे. त्यांच्यासाठी तर कुठल्याच कागदात रकाना नव्हता. तो पाडून घ्यावा लागला.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारला पुनर्वसन तपासायला न्यायमूर्ती दाऊद समिती नेमावी लागली. मग सरकारी अधिकारी आणि आंदोलनाचे लोक एकत्र बसून कुटुंबं मोजणारी टास्क फोर्स आली. निकाल विरोधात गेलेला, उंची वर्षागणिक चढते आहे, २००२ ला ९५ मीटर, २००३ ला १००, २००४ ला ११०, २००६ ला १२१.९२, आणि तरी खाली पाड्यापाड्यावर यादी वाढते आहे. महाराष्ट्रात हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली ती अशी. तळोद्याच्या बाजूला रेवानगर, नर्मदानगर, रोझवा, सोमावल या वसाहतींत जाऊन बघा. सगळं छान आहे असं कुणी म्हणणार नाही. कुठे जमीन खडकाळ, कुठे विहिरीला पाणी नाही. पण पायाखाली जमीन आहे आणि ती त्यांच्या नावावर आहे.

याच काळात जीवनशाळा, म्हणजे आंदोलनाने डोंगरात काढलेल्या शाळा, चालू राहिल्या. बांबूच्या ताट्यांच्या भिंती, पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत शिकवणारा गावचाच गुरुजी, पाणी चढलं की शाळा उचलायची आणि वरच्या टेकडीवर पुन्हा बांधायची. "जीवनशाला की क्या है बात, लड़ाई पढ़ाई साथ साथ" ही घोषणा बालमेळ्यात मुलांच्या तोंडून ऐकली तर अंगावर काटा येतो. बापाचा जन्म कोणत्या वर्षातला हे पुरापावसावरून ठरवावं लागलं, आणि पोरगा स्वतःचा अर्ज स्वतः लिहितो आहे.

मध्य प्रदेशात चित्र फार वाईट राहिलं. तिथे जमिनीऐवजी रोख रक्कम हातावर ठेवण्याचा धंदा झाला, खोट्या रजिस्ट्र्यांचा घोटाळा झाला, त्याच्या चौकशीला हायकोर्टाने झा आयोग नेमला. तोही लोकांनी लावून धरला म्हणूनच. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६८१ कुटुंबांना दोन हेक्टर जमिनीपोटी प्रत्येकी साठ लाख रुपये द्यायला सांगितले. निकाल विरोधात गेल्यानंतर सोळा वर्षांनी, त्याच कोर्टातून. पण सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पूर्ण भरलं तेव्हा निसरपूर, चिखलदा पाण्याखाली गेली आणि पुनर्वसन न झालेली माणसं घरांतून बाहेर काढावी लागली. हे विसरून नर्मदेची गोष्ट गोड करून सांगणं मला मान्य नाही.

धरण थांबवण्याच्या मागणीत आंदोलन हरलं, हे मी स्पष्ट म्हणतो. कच्छ-सौराष्ट्रात पाणी पोचलं, तिथल्या बाईची हंड्यासाठीची पायपीट कमी झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या बाईविरुद्ध सातपुड्यातल्या बाईचं कधीच भांडण नव्हतं. भांडण होतं ते एकीच्या पाण्यासाठी दुसरीने फुकट बुडावं या व्यवस्थेशी. आणि ते फुकट बुडणं निदान महाराष्ट्राच्या ३३ गावांत लोकांनी होऊ दिलं नाही, मोठी मागणी हातची गेल्यावरही.

कुणी मागे उरलं नाही तर काय होतं, ते मुळशीला बघायला मिळतं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाविरुद्ध पुण्याजवळच्या मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. लढा साधा नव्हता. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते या लढ्यातून. पण जमिनी बऱ्याच अंशी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मोबदला मिळतो आहे म्हटल्यावर त्यांनी तडजोड केली, आणि मग शहरातल्या पुष्कळांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. कसणाऱ्या कुळाचा प्रश्न मिटला नव्हता. तो विचारायला सेनापती आणि मूठभर माणसं उरली, तीही तुरुंगात गेली. बाकीचा मावळ पांगला. मुळशीच्या तलावाकाठी सुट्टीला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना त्या गावांची नावं सांगता येतील?

मला राग येतो तो इथे. "आता काही होणार नाही" हे सगळ्यात आधी कोण म्हणतं? ज्याला दुसरीकडे जाता येतं तो. पत्रकाराला दुसरी बातमी असते, कार्यकर्त्याला दुसरा प्रश्न असतो, माझ्यासारख्याला नोकरी असते. मणिबेलीच्या बाईला दुसरं गाव नव्हतं. आपण शहरात बसून "संपलं" म्हणतो तेव्हा ते नुसतं आपलं मत राहत नाही. ते मंत्रालयात ऐकू जातं, कलेक्टर कचेरीत ऐकू जातं. कालपर्यंत भेटीची वेळ देणारा अधिकारी उद्यापासून देत नाही. बाहेरून आधार असेल तर पाड्यावरच्या माणसाचा अर्ज आवक नोंदवहीत चढतो, नसेल तर टेबलाखाली जातो. आपली निराशा दुसऱ्याच्या जमिनीवर बेतते, म्हणून ती बोलून दाखवण्याआधी दहादा विचार करावा असं मला वाटतं.

थकलेल्याला मी दोष देत नाही. घर चालवायचं असतं, पोरांची शिक्षणं असतात, केसेसच्या तारखा असतात. चार वर्षं मोर्चात चाललेला माणूस पाचव्या वर्षी घरी बसला तर त्याला बसू द्यावं. त्याने जाताना फाईल पुढच्याच्या हातात द्यावी, एवढंच. नर्मदेत पहिल्या फळीतले कितीतरी गेले, वारले, वेगळ्या वाटेने निघून गेले. वह्या मात्र पुढे सरकत राहिल्या.

तर वाढवणच्या मित्रांनो, बंदर नको ही तुमची मागणी सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. ती लावून धरा, वरच्या कोर्टातही धरा. पण सोबत आजच यादी करायला बसा. सरकारी सर्वेक्षणात बोटीचा मालक येईल, कारण त्याच्याकडे लायसन्स आहे. बोटीवरचा खलाशी येईल का? टोपलीत बोंबील घेऊन बाजारात बसणारी म्हातारी येईल का? बोंबील सुकवणाऱ्या, जाळी विणणाऱ्या, खडकात कालवं काढणाऱ्या बायका कुठल्या रकान्यात? घरात डायमेकिंग म्हणजे साचे बनवण्याचं काम करणारे, बागायतीत मजुरी करणारे आदिवासी? यांच्याकडे सातबारा नाही, समुद्राचा सातबारा कुणाकडेच नसतो. सातपुड्यातल्या "अघोषित" माणसाची आणि यांची स्थिती एकच आहे. प्रत्येक गावात दोन पोरं आणि दोन पोरी बसवा, घरटी नोंद करा. कोण काय धंदा करतं, कुठल्या खडकावर, वर्षातले किती महिने, हे सगळं त्यात येऊ द्या. ग्रामसभेत ती यादी वाचून ठराव करा आणि सहीशिक्क्याची पोच घ्या. प्रती तीन ठिकाणी ठेवा, एक गावाबाहेर.

आणि पालघर जिल्ह्याबाहेरचे जे कुणी हे वाचत आहेत, त्यांच्यापैकी टायपिंग येणारे, सर्व्हे करता येणारे, वकिली केलेले, महिन्यातला एक रविवार देऊ शकणारे, यांनी खाली कमेंटमध्ये नाव टाका. पुढच्या रविवारी वाढवणजवळच्या वरोर गावात बसतो आहोत.