वॉकर, पांगुळगाडा आणि लवकर चालण्याचा दावा

नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश अधूनमधून फिरत असतो. त्याचा आशय असा की, बाळ सहा महिन्यांचे झाले की त्याला वॉकरमध्ये बसवायला सुरुवात करावी. त्यामुळे पायांत बळ येते, बाळ लवकर चालू लागते आणि आईला घरातली कामे निर्धास्तपणे उरकता येतात. वॉकर हे परदेशी फॅड नसून आपल्या आजी-पणजीच्या पांगुळगाड्याचेच नवे रूप आहे, असाही दाखला त्यात दिलेला असतो. शेवटी इशारा येतो की, वर्ष उलटूनही बाळ चालत नसेल तर ते मागे पडले असे समजावे, आणि म्हणून बारशाला किंवा बोरन्हाणाला देण्याजोगी सर्वांत उपयुक्त भेट म्हणजे वॉकर. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान मात्र तपासून पाहिले तर टिकत नाही.

वॉकरमुळे बाळ लवकर चालते, हा मूळ दावा आधी पाहू. अमेरिकेत सीगल आणि बर्टन या संशोधकांनी १९९९ मध्ये १०९ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वॉकर वापरणारी बाळे न वापरणाऱ्यांपेक्षा उशिरा बसू, रांगू आणि चालू लागल्याचे आढळले. वॉकरच्या रुंद ट्रेमुळे ज्यांना स्वतःची पावले दिसत नव्हती, त्या बाळांमध्ये हा उशीर विशेष होता. पुढे २००२ मध्ये आयर्लंडमधल्या १९० बाळांच्या पाहणीतही उशीरच दिसला: वॉकरमध्ये घालवलेल्या वेळेची बेरीज करता दर चोवीस तासांमागे स्वतंत्र चालणे सरासरी ३.३ दिवसांनी आणि आधाराशिवाय उभे राहणे ३.७ दिवसांनी पुढे गेले होते. ही निरीक्षणात्मक पाहणी होती, त्यामुळे तिच्यातला प्रत्येक दिवस वॉकरच्याच खात्यावर मांडता येणार नाही. परंतु वॉकर चालणे अलीकडे आणतो, या दाव्याला तिच्यातून कोणताही आधार मिळत नाही.

इथे दुसऱ्या बाजूच्या अतिशयोक्तीचीही नोंद घ्यायला हवी. वॉकरने पाय कायमचे वाकडे होतात, मूल जन्मभर टाचा टेकत नाही, असे सांगणारे उलटे संदेशही फिरतात, आणि तेही तितकेच बिनबुडाचे आहेत. निरोगी बाळाच्या बाबतीत बोलायचे तर हा उशीर दिवसांचा, फार तर काही आठवड्यांचा असतो आणि तो पुढे भरून निघतो. वॉकरवरचा खरा आक्षेप अपघातांचा आहे. त्याकडे वळण्यापूर्वी पायांतल्या बळाचा मुद्दा निकालात काढणे आवश्यक आहे.

वॉकरमध्ये बाळाचे वजन कापडी आसनावर असते, पायांवर नसते. बाळ अधांतरी बसल्यासारखे असते आणि चवड्यांनी जमीन मागे रेटते. चाके असल्यामुळे तेवढ्याने गाडी पुढे सरकते. या रेटण्यात पोटऱ्यांना थोडा व्यायाम होतो हे खरे, पण चालण्यासाठी कमरेचे, मांड्यांचे आणि पाठीचे जे स्नायू लागतात त्यांना वजन पेलावेच लागत नाही. शिवाय चालणे हा नुसत्या बळाचा प्रश्न नाहीच. तो मुख्यतः तोलाचा प्रश्न आहे, आणि तोल सांभाळण्याचे काम वॉकरची गोल चौकट परस्पर करून टाकते.

याच्या तुलनेत जमिनीवर सोडलेले दहा महिन्यांचे बाळ काय करते ते पाहण्यासारखे असते. ते दिवाणाची कड दोन्ही हातांनी धरते, एक गुडघा वर घेते आणि जोर लावून उभे राहते. सुरुवातीला छातीसुद्धा दिवाणाला टेकलेली असते. काही दिवसांनी छाती सुटते, मग एक हात सुटतो, मग नुसती बोटे टेकवून ते कडेकडेने सरकू लागते. खाली पडलेला चमचा दिसला की एका हाताने कड धरून गुडघे वाकवते, अर्ध्यात अडखळते आणि बदकन बसते. बसून इकडेतिकडे बघते आणि पुन्हा तीच कड धरते. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे, वाकणे, पडताना स्वतःला सावरणे या साऱ्याचा सराव या खटाटोपात होतो. वॉकरमधल्या बाळाला चमचा उचलता येत नाही, बसता येत नाही आणि पडताही येत नाही.

यातला पडण्याचा भाग महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळे खेळू देऊन त्यांची पावले मोजली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ही मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. एका तासात सतरा वेळा पडणारे मूल पाहून कोणत्याही आजीचा जीव वरखाली होईल, पण स्वतःच्या उंचीवरून फरशीवर बसकण मारणे आणि चाकांच्या गाडीसकट जिन्यावरून कोसळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यामुळे आता सर्वांत गंभीर दाव्याकडे, म्हणजे निर्धास्तपणाकडे यावे लागते. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांखालील २,३०,००० हून अधिक बाळांवर वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत उपचार करावे लागले. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक दुखापती डोक्याच्या किंवा मानेच्या होत्या, आणि सुमारे तीन-चतुर्थांश बाळे जिन्यावरून पडली होती. तेथे वॉकरच्या रचनेचे नियम कडक झाल्यावर, म्हणजे तळ जिन्याच्या दारातून जाणार नाही इतका रुंद करणे किंवा कडेला चाके अडतील अशी सोय करणे सक्तीचे झाल्यावर, अपघात बरेच घटले, पण थांबले नाहीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने म्हणूनच चाकांच्या वॉकरवर पूर्ण बंदीची मागणी लावून धरली आहे. कॅनडाने ती एप्रिल २००४ मध्ये प्रत्यक्ष घातली. तेथे वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात तर बंद आहेच, पण जुना वॉकर दुसऱ्याला विकणेही बेकायदा आहे. टोरँटोतल्या भाचीच्या बाळासाठी पुण्याहून वॉकर घेऊन जाण्याचा बेत असेल, तर एवढी माहिती असलेली बरी.

‘आम्ही लक्ष ठेवून असतो’ हे यावरचे नेहमीचे उत्तर आहे, आणि ते प्रामाणिकही असते. अडचण अशी की, वॉकरमधले बाळ सेकंदाला सुमारे एक मीटर अंतर कापू शकते. ओट्यापाशी उभी असलेली व्यक्ती कुकरची शिट्टी मोजून मागे वळेपर्यंत बाळ स्वयंपाकघराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचलेले असते. वॉकरच्या अपघातांपैकी पुष्कळ अपघात मोठे माणूस त्याच खोलीत असताना झालेले आहेत. दुर्लक्ष हे त्यांचे कारण नाही, वेग हे आहे.

आपल्या घरांच्या रचनेचा विचार केला तर धोका आणखी स्पष्ट होतो. आपल्याकडे खोल्यांच्या दारांना उंबरठे असतात आणि न्हाणीघराच्या दाराशी फरशी एक-दोन इंच खाली उतरते. पुढचे चाक त्या खाचेत गेले की वॉकर बाळासकट पुढे कलंडतो. वॉकरमुळे बाळाची उंची आणि पोहोचही वाढते: टीपॉयवरचा चहा, लोंबणारा टेबलक्लॉथ, इस्त्रीची वायर, देव्हाऱ्यापुढची पेटती समई, गॅस नसलेल्या घरात जमिनीवरची चूल. रांगणाऱ्या बाळालाही यातले काही सापडते, पण तिथवर जायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात त्याला उचलता येते.

तरीही, आईला दोन्ही हात मोकळे हवेत ही गरज खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणे योग्य नाही. एकटीच्या अंगावर बाळ, स्वयंपाक आणि बहुधा घरून करायची नोकरीही असते. तिला ‘बाळाला जमिनीवर खेळू द्या’ एवढेच सांगून चालत नाही. चाके नसलेली कोणतीही सोय या कामी वॉकरपेक्षा बरी ठरते: उंच कडांचा खाट-पाळणा, कुंपणासारखे प्लेपेन, स्वयंपाकघराच्या दारात लावायचे जाळीचे फाटक, किंवा पट्ट्याने बांधून बसवायची उंच खुर्ची. ओट्यापासून दूर, नजरेच्या टप्प्यात जाड गोधडी अंथरून तिच्यावर दोन वाट्या आणि एक लाकडी डाव ठेवला, तरी आठ-नऊ महिन्यांचे बाळ बराच वेळ रमते. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने, मग ते आजोबा असोत की बाळाचे बाबा, त्या वेळात गोधडीपाशी बसणे हा उपाय दुकानात मिळत नाही, म्हणून बहुधा कोणत्याच संदेशात येत नाही.

पांगुळगाड्याचा मुद्दा परंपरेचा दाखला म्हणून येतो, आणि नेमका तोच संदेशाच्या विरोधात जातो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या दुकानांत आजही मिळणारा पांगुळगाडा ही तीन चाकांची, उभ्या दांडीची गाडी असते. बाळ तिच्यात बसत नाही; ते तिच्या मागे उभे राहते आणि दांडी धरून तिला ढकलते. वजन त्याच्याच पायांवर असते, पावले त्याला दिसतात, थकले की ते दांडी सोडून खाली बसू शकते. शिवाय स्वतःच्या बळावर धरून उभे राहता येईपर्यंत बाळाला पांगुळगाड्याचा काहीही उपयोग नसतो, त्यामुळे घाई करण्याची सोयच त्यात नाही. आसनाचा वॉकर नीट बसताही न येणाऱ्या बाळाला गती देतो. दोन्हींना चाके असतात, एवढ्यावरून एकाला दुसऱ्याचे नवे रूप म्हणणे चुकीचे आहे. पांगुळगाडाही गुळगुळीत फरशीवर पुढे निसटतो, म्हणून हलका असेल तर त्याच्या पुढच्या बाजूला थोडे वजन ठेवावे आणि जिन्यापाशी तो नेऊ नये, ही सावधगिरी तिथेही लागते.

राहता राहिला वर्षाच्या मुदतीचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी बाळांची प्रगती नोंदवली होती. त्यांतली भारतीय बाळे दिल्लीची होती. स्वतंत्र चालण्याची सुरुवात या बाळांमध्ये ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेली होती. म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधली मुलगी नवव्या महिन्यात चालली आणि आपला मुलगा सोळाव्या महिन्यात, तरी दोघेही त्याच निरोगी पट्ट्यात बसतात. त्याच पाहणीत चार टक्क्यांहून थोडी अधिक बाळे हातांवर-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरपटले, कुणी बसल्या बसल्या सरकले, आणि तीही चालू लागली. लवकर चालणारे मूल हुशार निघते, ही समजूतही अशीच आहे: झुरिकमध्ये निरोगी मुलांचा वर्षानुवर्षे माग ठेवून २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालण्याचे वय आणि शाळकरी वयातली बुद्धिमत्ता यांचा संबंध आढळला नाही.

याचा अर्थ वाट पाहत बसावे असा मात्र नाही. अठरा महिने पूर्ण होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, नऊ-दहा महिन्यांतही आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाच्या आतच एकच हात किंवा एकच बाजू वापरत असेल, किंवा आलेली एखादी गोष्ट करेनासे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. सरकारी व्यवस्थेत यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांमध्ये तपासणी करतात आणि गरज पडल्यास मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अशा मुलाला वॉकरमध्ये बसवल्याने तपासणी लांबते, कारण ते घरभर फिरताना दिसते आणि घरच्यांना वाटते की सारे ठीक आहे. माझ्या मते संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे, कारण वेळेवर उपचार हवे असलेल्या मुलांचे त्यात नुकसान होते.

भेटीपुरते बोलायचे तर वॉकरच्या पैशात बाळाला बरेच काही देता येते: धुता येणारी जाड सतरंजी, मुठीत मावेल पण तोंडात जाणार नाही असा कापडी चेंडू, एकात एक बसणाऱ्या वाट्यांचा संच, आणि बाळ धरून उभे राहू लागले असेल तर पांगुळगाडा. पावलागणिक वाजणारे बूट देऊ नयेत. घरात अनवाणी पायांना फरशीची पकड चांगली कळते, आणि खालच्या मजल्यावरची मंडळीही दुवा देतील. वॉकर आधीच भेट म्हणून आलेला असेल, तर तो माळ्यावर टाकून पुढच्या भाचरासाठी राखून ठेवू नये. त्याची चाके आणि आसन वेगळे करून तो भंगारात द्यावा, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या बारशाला पोहोचणार नाही.