जावातली जमीन आणि बोलण्याचा अधिकार: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

इंडोनेशियाच्या जावा बेटावरील खेड्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रदीर्घ प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा आशय आधी सांगते. आपले म्हणणे असे, की मध्य जावातील क्लातेन जिल्ह्यातल्या आमच्या गावाचे, म्हणजे माझ्या सासरच्या गावाचे, मी गोड चित्र रंगवले. मुलींना शेतीत मुलांच्या बरोबरीने वाटा मिळतो हे माझे विधान भाबडे आहे. ‘गोतोंग रोयोंग’, म्हणजे गावाने एकत्र येऊन करायची कामे, ही माजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीने वापरलेली सरकारी घोषणा आहे. भूमिहीन मजुरांच्या हातून सुगीतला वाटा गेला, त्याविषयी मी अवाक्षर काढले नाही. गावप्रमुखाला मिळणाऱ्या ‘बेंगकोक’ जमिनीची मी पाटीलकीच्या वतनाशी केलेली तुलना चुकीची आहे. आणि विजेवरची रेल्वे आल्यानंतर प्रवासाच्या अडचणींचे रडगाणे शिळे झाले आहे. या साऱ्यावर शांतपणे बोलता आले असते. परंतु अखेरीस आपण लिहिलेत, ‘जिच्या नावावर त्या गावात वीतभर जमीन नाही आणि होऊही शकत नाही, तिने तिथल्या मालकीहक्कावर लेख पाडणे हा पोरखेळ आहे.’ हे वाक्य टीकेचे नव्हे, हिणवण्याचे आहे, आणि म्हणून उत्तराला तिथूनच हात घालते.

माझ्या नावावर तिथे जमीन होऊ शकत नाही, ही गोष्ट आपण जणू माझे बिंग फोडल्याच्या आविर्भावात सांगितली आहे. इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळते. मी भारतीय पारपत्र सोडलेले नाही. उद्या माझ्या पतीचे काही बरेवाईट झाले आणि त्यांच्या जमिनीचा हिस्सा वारसाने माझ्याकडे आला, तर एका वर्षाच्या आत मला तो सोडावा लागेल. मुदतीत सोडला नाही तर मालकी आपोआप संपून जमीन सरकारजमा होईल. हे कलम नोटरीच्या टेबलाशी बसून, पतीच्या शेजारी, मी शब्दन् शब्द ऐकले आहे. लग्नाच्या वेळी आम्ही मालमत्तेचा वेगळा करार केला नव्हता, आणि तसा करार नसला की लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची सामाईक मानली जाते. परिणामी परदेशी जोडीदार असलेल्या इंडोनेशियन माणसालाही आपल्याच देशात पूर्ण मालकीने जमीन विकत घेणे अवघड होऊन बसते. घटना न्यायालयाने 2016 मध्ये लग्नानंतरही असा करार करण्याची मुभा दिली, तेव्हा कुठे आम्हाला घरालगतचा तुकडा घेता आला. ज्या कायद्याने माझ्या संसाराची घडी ठरवली, त्यावर मी बोलू नये आणि जकार्तातील कार्यालयात काही वर्षे नोकरी केलेल्या गृहस्थांनी मात्र बोलावे, हा न्याय मला मान्य नाही. आपल्या जकार्तातील वास्तव्याचा उल्लेख प्रतिक्रियेत वारंवार येतो. त्याबद्दल मला आदर आहे. पण जकार्तातल्या भाड्याच्या सदनिकेत राहून क्लातेनच्या भातखाचरांचे व्यवहार कळत नाहीत, एवढे तरी आपण मान्य कराल.

शिवाय नावावर जमीन असणे म्हणजे काय, हेही आपण गृहीत धरले आहे. आमच्या गावात 2017 नंतरच्या सरकारी मोहिमेत अनेकांना प्रथमच जमिनीचे प्रमाणपत्र मिळाले. तोपर्यंत बहुतेकांचा आधार गावकचेरीतल्या ‘लेटर सी’ नावाच्या जुन्या नोंदवहीचा आणि घरपट्टी-शेतसाऱ्याच्या वार्षिक कागदाचा होता. तो कागद कर भरल्याचा पुरावा असतो, मालकीचा नव्हे. तरीही पिढ्यान् पिढ्या लोकांनी तो मालकीच्या कागदासारखाच जपला. सासूबाईंचे हिरव्या मुखपृष्ठाचे प्रमाणपत्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असते, आणि त्याच्याखाली सासऱ्यांच्या काळापासूनच्या कराच्या पावत्या रबरात बांधून ठेवलेल्या असतात. नवे प्रमाणपत्र मिळाले म्हणून त्या पावत्या टाकून द्याव्यात, असे त्यांना कधी वाटले नाही. बांधावरून वाद उपस्थित झाला, तेव्हा मोजणीच्या आकड्यांइतकेच वजन शेजारच्या म्हाताऱ्याच्या आठवणीला मिळाले. तो बांध पूर्वी नारळाच्या कोणत्या झाडापाशी वळत असे, हे त्याने काठीने दाखवले आणि दोन्ही घरांनी ते मानले. हे मी समोर उभे राहून पाहिले आहे. वीतभर जमीन नावावर असती तर मला ते अधिक स्पष्ट दिसले असते काय?

आता मुलींच्या वाट्याचे. ‘इस्लामी वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा मिळतो, तेव्हा आपले विधान ऐकीव आहे,’ असे आपण लिहिलेत. तो नियम जावातही ठाऊक आहे. पुरुष कावडीच्या दोन टोकांना दोन ओझी नेतो, बाई पाठीवर एकच नेते, असे सांगून तिथले लोक दोनास एक हे प्रमाण समजावतात. परंतु जावातील अनेक कुटुंबांत आईवडील हयातीतच मुलगा-मुलगी असा भेद न करता जमीन वाटून देतात, आणि अखेरपर्यंत त्यांचे करणाऱ्या अपत्याला, पुष्कळदा धाकट्याला, राहते घर मिळते. आमच्याकडे तेच घडले. माझ्या दोन्ही नणंदांना पतीइतकीच जमीन मिळाली, आणि त्या वाटणीच्या बैठकीत सगळ्यांत ठाम आवाज सासूबाईंचा होता, कारण त्यातली निम्म्याहून अधिक खाचरे त्यांना त्यांच्या माहेरून मिळालेली होती.

याच्या उलट, वडील गेल्यावर सांगली जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी तलाठ्याकडे जाण्याआधी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले गेले आणि मी त्यावर सही केली. कायद्याने माझा हक्क होता. पण सही केली नाही तर माहेर तुटेल, हे कोणी न सांगताही मला कळत होते. आज त्या सातबाऱ्यावर माझे नाव नाही. दोन्ही देशांत माझ्या नावावर जमीन का नाही, याची कारणे अशी अगदी निराळी आहेत, आणि तो फरक मला अंगावर सोसून कळला आहे. त्याला आपण पोरखेळ म्हणता! माझ्या लेखातील मुलींच्या वाट्याचा परिच्छेद मी कोणत्याही गोडव्यापोटी लिहिला नव्हता. ज्या बाईने स्वतःचा वाटा सोडला आहे, तिला दुसऱ्या घरातील मुलींना तो विनासायास मिळताना पाहून काय वाटले, ते मी लिहिले होते. आपल्याला त्यात भाबडेपणा दिसला असेल तर दिसो.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे मान्य करते. बेंगकोकची तुलना वतनाशी करताना मी एक वाक्य कमी लिहिले. गावप्रमुख आणि त्याचे सहकारी यांना पूर्वी पगाराऐवजी आणि आता पगाराच्या जोडीला कसायला मिळणारी ही जमीन पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते. ती मुलाकडे उतरत नाही. आपल्याकडील पाटीलकी मात्र वंशपरंपरागत होती. हा भेद आपण दाखवलात, त्याबद्दल आभार. हेच सौजन्य प्रतिक्रियेच्या उरलेल्या भागात दिसले असते तर हे उत्तर इतके लांबले नसते.

बाकीच्या मुद्द्यांना फार शब्द खर्च करण्याचे कारण दिसत नाही. योग्याकार्ता ते सोलो ही विजेवरची गाडी 2021 पासून धावते, ती क्लातेनला आणि देलांगूलाही थांबते, हे मला माहीत आहे. मी तिनेच ये-जा करते. प्रश्न स्थानकापासून गावापर्यंतचा आहे. हप्त्यावरच्या मोटारसायकली घरोघरी आल्या आणि गावोगाव फिरणाऱ्या छोट्या प्रवासी गाड्या प्रवाशांअभावी बंद पडत गेल्या; ज्यांना मोटारसायकल चालवता येत नाही अशा वृद्धांना आता बाजाराला जायचे तरी नातवाची वाट पाहावी लागते. गोतोंग रोयोंग ही घोषणा कोणत्या राजवटीने वापरली, याने आमच्या गल्लीतल्या दारांवर टांगलेल्या वाट्या नाहीशा होत नाहीत. त्यांत रोज संध्याकाळी मूठभर तांदूळ किंवा एखादे नाणे ठेवले जाते, आणि रात्री गस्तीला निघालेली मुले ते गोळा करून गल्लीच्या निधीत जमा करतात. ती वाटी आमच्याही दाराला आहे.

भूमिहीन मजुरांविषयी आपण दोन परिच्छेद लिहिलेत. पूर्वी कापणीला येईल त्याला कापलेल्या भाताचा ठरावीक वाटा मिळे, आणि आता उभे पीक व्यापाऱ्याला विकले जाते व तो स्वतःची टोळी किंवा यंत्र आणतो, हे खरे आहे. यावर 1970 च्या दशकापासून अभ्यासकांनी भरपूर लिहिले आहे आणि माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. आमच्या सासूबाईही पीक उभेच विकतात. मुले शहरांत, गुडघे थकलेले, अशा बाईने पाचपन्नास कापणाऱ्यांना वाटा मोजून देत बांधावर उभे राहावे, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. दुसऱ्या प्रतिक्रियेत त्यांच्यावर ‘मजुरांच्या तोंडचा घास काढल्याचा’ आरोप करण्यापूर्वी आपण त्यांचे वय तरी विचारायला हवे होते. लेख मी लिहिला आहे, त्यांनी नव्हे.

बेंगकोकविषयीचे वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त केले आहे. आपली पहिली प्रतिक्रिया आहे तशीच राहील. सासूबाईंचा उल्लेख असलेली दुसरी मात्र मी काढून टाकली आहे, आणि तशीच आणखी एखादी आली तर तीही काढीन.