दुखत नाही ना, मग कशाला?

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. डेंटिस्टकडे नंबर लावून बसले होते. शेजारी एक जोडपं. डॉक्टर बाहेर येऊन त्या बाईंना समजावत होत्या, हिरड्या सुजल्यात, क्लीनिंग करून घ्या, लांबणीवर टाकू नका. नवऱ्याने बायकोला एवढंच विचारलं, "तुला दुखतंय का?" ती नाही म्हणाली. "मग चल." गेले उठून.

अरे, हिरड्यांचा आजार सहसा दुखतच नाही! बरीच वर्षं नुसतं रक्त येतं, तोंडाला वास येतो, हिरडी लाल दिसते आणि आपण म्हणतो, ब्रश कडक असेल. सुरुवातीची सूज साफसफाईने पूर्ण बरी होते. पण एकदा का दाताभोवतीचं हाड झिजलं, की ते आपोआप भरून येत नाही.

आमच्या घरात सगळ्यात देखणे दात माझ्या मावशीचे. एकालाही कीड नाही. ऊस दाताने सोलून खायची. ब्रश करताना रक्त यायला लागलं तशी तिने ब्रशच सोडला आणि बोटाने मीठ-तेल चोळायला लागली. पन्नाशीत खालचे पुढचे दात हलायला लागले. एके दिवशी भाकरी खाताना त्यातला एक हातात आला. अख्खा दात, कुठे काळा ठिपकासुद्धा नाही. घरातले म्हणाले, वय झालं. कसलं वय? तिची ऐंशीची सासू त्याच पंगतीत फुटाणे खात होती!

दातावरचा चिकट थर रोज निघाला नाही तर लाळेतल्या कॅल्शियममुळे काही दिवसांतच घट्ट होतो. तेच कीटण. ते एकदा बसलं की ब्रशने निघत नाही, मिठाने नाही, कोळशाने नाही, आणि जाहिरातीतल्या कुठल्याही पेस्टने तर नाहीच. ते डेंटिस्टकडच्या स्केलर नावाच्या हत्यारानेच काढावं लागतं. आणि हिरडीच्या आत गेलेलं तर आपल्याला आरशात दिसतही नाही.

मावशीला शेजारणीने सांगितलं होतं, स्केलिंग केलं की दात सैल होतात. म्हणून ती गेली नाही. हे वाक्य मी इतक्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय की आता संताप येतो. दात आधीच सैल झालेले असतात हो! कीटणाने ते एकमेकांना नुसते चिकटून राहिलेले असतात. कीटण निघालं की फटी दिसतात आणि नाव डॉक्टरचं खराब.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते. तिथे या कामाला वेगळी माणसं आहेत, डेंटल हायजिनिस्ट. आल्फ्रेड फोन्स नावाच्या डेंटिस्टने १९१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टला त्यांचं शिक्षण सुरू केलं. ही हायजिनिस्ट हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजते, एकेका दाताला सहा ठिकाणी. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार-पाच आलं की लक्ष द्यायचं. मग साफ करते, ब्रश कसा धरायचा ते हातात धरून दाखवते. आपल्याकडेही १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून कायद्यात हायजिनिस्ट आहेत. पण तुमच्या गल्लीतल्या दवाखान्यात कधी पाहिलीय अशी व्यक्ती? रूट कॅनालच्या रांगेतून सवड काढून डॉक्टरच सफाई करतात, मग शिकवायला वेळ कुठून आणायचा त्यांनी?

हो, काही जण गरज नसताना बिल फुगवतात, मान्य. दर सहा महिन्यांनी दाखवायचा नियमही सगळ्यांना सारखा नाही. कुणाला तीन महिन्यांनी जावं लागतं, कुणाला वर्षाने चालतं. पण ते तपासून ठरवायचं की घरी बसून?

मावशीला शुगर होती. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. तिचे पाय तपासले, डोळे तपासले. तोंड उघडा, असं कुणी म्हटलं नाही. आता कवळीने ती भात आणि मऊ पोळी खाते. ऊस मिक्सरमधून काढून देऊ का विचारलं तर म्हणाली, "राहू दे गं, त्यात काय मजा." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

रक्त येत असेल तर ब्रश बंद करू नका. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेने हळूहळू फिरवा आणि दाखवून या. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहे, नायर हॉस्पिटलचं आहे, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी कॉलेजं आहेत. शिकणारी मुलं करतात, वेळ लागतो, पण शिक्षकांची नजर असते आणि पैसे खूप कमी लागतात. मुंबईतल्या कुणाला एकटीने जायची भीती वाटत असेल तर मला मेसेज करा. शनिवारी मी मोकळी असते, सोबत येईन.