खांदा की खुबा? एकच सांगा!

"खांदा की खुबा? एकच सांगा. एका अवयवाची एकच फाइल निघते."

मी म्हटलं, दोन्ही. त्यावर काउंटरवरच्या ताईंनी मागे वळून हाक दिली, "अगं, हे दोन्ही म्हणतायत!" आणि अख्खी वेटिंग रूम माझ्याकडे अशी बघायला लागली, जसा काही मी एका तिकिटावर दोन सीटा अडवून बसलोय. खांद्याचे डॉक्टर पहिल्या मजल्यावर, खुब्याचे तिसऱ्या. फी वेगवेगळी. लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. मी मुकाट्याने खांद्याचे पैसे भरले.

यात थोडा दोष आपल्या बोलण्याचाही आहे. बरगड्या संपल्या की मांडीपर्यंत आपली सगळी कंबरच. 'खुबा' हा शब्द आपण आजी न्हाणीघरात पडली तरच बाहेर काढतो. पण बोट नेमकं कुठे ठेवता, यावर तर पुढचं सगळं ठरतं. खुद्द खुब्याचा सांधा बिघडला तर बहुतेक वेळा जांघेत दुखतं, कधी कळ गुडघ्यापर्यंत उतरते. कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या हाडावर दुखतं ते बहुधा तिथल्या टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचं. आणि ढुंगणात दुखतं ते पुष्कळदा मणक्यातून आलेलं. आता हे भर काउंटरवर बोट ठेवून कसं दाखवणार? सभ्य माणूस 'कंबर' म्हणतो आणि कंबरेचा एक्स-रे काढून घरी येतो.

शेजारच्या खुर्चीवर एक काका होते. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेले, मांडीवर एक्स-रेंची पिशवी.

"उठा," ते म्हणाले. "हात वर करा."

का कोण जाणे, मी उठलो. हात खांद्याच्या जरा वर जाऊन अडकला.

"आता सैल सोडा. मी उचलतो." त्यांनी उचलला. दुखलं, पण हात पार कानापर्यंत गेला.

"बघा! बिजागरी जाम नाही." आता कोपर माझ्या कुशीला चिकटवून त्यांनी मनगट धरलं आणि दार उघडावं तसा हात बाहेर फिरवला. "फ्रोझन शोल्डर असता तर हे आधी बंद झालं असतं. तिथे तुम्ही हलवा नाहीतर मी हलवू, हात जागचा हलत नाही. शुगरवाल्यांना जास्त होतो. आणि स्वतःचा स्वतः वर जात नाही, दुसऱ्याने उचलला की जातो, तेव्हा आतली दोरी बघायची. रोटेटर कफ."

समोरच्या दोन बायका आपापले हात वर करून बघायला लागल्या. वॉर्डबॉयने दारातून डोकावून म्हटलं, "काका, परत?"

"सकाळी उठल्यावर आखडलेलं किती वेळ राहतं?"

"तासभर."

"दोन्ही खांदे? दोन्ही खुबे?"

"हो."

"वय?"

"बावन्न."

"मग गॅरेज चुकलंय तुमचं. चारही चाकं एकदम कुरकुरायला लागली तर चाक उघडत नाहीत. आधी ऑइल बघतात."

राग याचाच येतो, की काकांचा हिशेब चुकीचा नव्हता. हाडांचे डॉक्टर, एम.एस. ऑर्थो, हे मूळचे शस्त्रक्रियेचे. एकाच सांध्याची झीज, फाटलेली टेंडन, फ्रॅक्चर त्यांच्याकडे न्यावं. पण पन्नाशीनंतर दोन्ही खांदे, दोन्ही खुबे आणि पाऊण तासाच्या वर सकाळचा ताठरपणा असला, तर पॉलिमायल्जियाचा, म्हणजे खांदे-खुबे आखडवणाऱ्या सुजेच्या आजाराचा, विचार करावा लागतो. त्यात एक्स-रे कोरा येऊ शकतो. रक्तातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी सहसा वाढलेले सापडतात. चाळिशीच्या आतल्याला ढुंगणात दुखून पहाटे जाग येत असेल आणि चाललं की बरं वाटत असेल, तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा सुजेचा संधिवात, बघायचा. दोन्हींचा दरवाजा एकच, रुमॅटॉलॉजिस्ट. म्हणजे एम.डी. करून वर रुमॅटॉलॉजी शिकलेला. नुसतं 'संधिवात तज्ज्ञ' रंगवलेली पाटी पुरत नाही. खालच्या बारीक अक्षरातल्या पदव्या वाचाव्या लागतात.

पॉलिमायल्जियात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या रोजच्या १२.५ ते २५ मिलिग्रॅमने काही दिवसांत माणूस चालायला लागतो, हीच मोठी पंचाईत. मग चिठ्ठी न दाखवताच दुकानातून स्टेरॉइड चालू राहतं, आणि मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की कळतं. तोही सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. आणि पॉलिमायल्जियासोबत कानशिलं ठणकत असतील, चावताना जबडा दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डोळा जाऊ शकतो.

पण आपल्याकडे खपतं काय, तर 'संधिवात पॅकेज'. त्यात युरिक ॲसिड हमखास. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात, बहुधा पायाच्या अंगठ्यात उगवतो, खांद्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. आरए फॅक्टर ही आमवाताची रक्ततपासणी तर कधी धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह निघते. तरी रिपोर्टावर ठळक अक्षरात आली की घरात टोमॅटो बंद.

काकांना विचारलं, "तुमचं काय दुखतं?"

"माझं? काही नाही. हिचा गुडघा. आत गेलीय."

मी काउंटरवर जाऊन पैसे परत मागितले.

"फाइल उघडली की रिफंड नाही," ताई म्हणाल्या. मग जरा विचार करून, "गुडघ्यावर ॲडजस्ट करून देऊ का?"