फळ्यावरच्या सहा ओळी

आमच्या बागप्रेमी मंडळात माणसांना नावं नाहीत, झाडं आहेत. गुलाबकाकू, निवडुंगआजोबा, ऑर्किडताई आणि गांडूळखताशिवाय दुसऱ्या कशावर न बोलणारे खतकाका. मी जास्वंद. कारण माझ्याकडे कुंडी एकच आणि तिच्यात जास्वंद आहे. 'आहे' हे जरा बिचकतच लिहितोय, कारण गेल्या वर्षभरात ती तीनदा 'होती'च्या उंबरठ्यावर जाऊन आली.

एवढ्याशा भांडवलावर माणसाने मागच्या खुर्चीत गप्प बसावं. मी बसलोही होतो. पण एका रविवारी बैठकीत अध्यक्षबाईंनी विचारलं, "अक्षर कुणाचं चांगलं आहे?" शाळेत सुंदर हस्ताक्षराचं प्रशस्तिपत्रक मिळालेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप वर जातो. तेव्हापासून मंडळाचा फळा माझ्या गळ्यात आहे.

फळा लहानसा. वर 'या हंगामात' असं शीर्षक आणि खाली मोजून सहा ओळींची जागा. सभासद चाळीस, आणि प्रत्येकाच्या खिशात किमान तीन सूचना.

पावसाळ्याच्या तोंडावर मी पहिली ओळ लिहिली, अगदी निरुपद्रवी म्हणून निवडून काढलेली : 'पाऊस सुरू झाल्यावर कुंड्यांना पाणी कमी घालावे.' खडू खाली ठेवतोय तोच पाठीमागून आवाज आला.

"कमी म्हणजे किती रे?"

निवडुंगआजोबा. मी म्हटलं, "कमी म्हणजे... नेहमीपेक्षा थोडं."

"मी महिन्यातून एकदा घालतो. त्याहून थोडं म्हणजे काय, नुसतं दाखवायचं?"

ऑर्किडताई म्हणाली, "दादा, माझी झाडं मातीत नाहीतच हो. कोळशाच्या तुकड्यांत आहेत. त्यांचं काय लिहिणार?" खतकाकांनी छपराखालच्या कुंड्यांचा मुद्दा काढला. आकाशात कितीही पाऊस पडो, त्या बिचाऱ्या कोरड्याच. शेवटी गुलाबकाकूंनी तोडगा काढला. "अहो, सरळ बोट घालायला सांगा. दोन पेरं खोल. ओलं लागलं तर पाणी नको, कोरडं लागलं तर घाला." मी पहिली ओळ पुसली आणि लिहिलं, 'पाणी घालण्यापूर्वी कुंडीत बोट घालून पाहावे.'

आजोबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग थंडपणे विचारलं, "माझ्या निवडुंगांत?"

अर्थात काकूंचं म्हणणं मला जिव्हारी लागलं होतं, कारण जास्वंदीचा एक मृत्युयोग मी याच पाण्यापायी ओढवून घेतला होता. पानं मलूल झाली म्हणून पाणी घातलं. आणखी मलूल झाली म्हणून आणखी घातलं. संध्याकाळी ती अशी मान टाकून उभी, की पाहुण्यांसमोर मला लाज वाटली, म्हणून दोन तांबे अजून ओतले. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड दिसायला अगदी सारखंच दिसतं, हे मला मंडळात आल्यावर कळलं. माती चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, गुदमरलेली मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही. म्हणजे ती बिचारी पाण्यात उभी राहून तहानेने मरत होती आणि मी झारी घेऊन तिची सेवा करत होतो.

दुसरी ओळ निचऱ्याची. इथे मंडळाची सरळ दोन शकलं आहेत : कुंडीच्या तळाशी खडे घालणारे आणि न घालणारे. यांच्यात बोलणंचालणं आहे, पण कलमांची देवघेव नाही. खडेवाद्यांचं म्हणणं, तळाशी खडे असले की पाणी झरझर निघून जातं. आमचे आजोबा घालायचे, वडील घालायचे. समोरच्या पक्षाचं म्हणणं असं, की बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरतच नाही. माती पुरती चिंब झाल्याशिवाय ते खाली सुटत नाही. म्हणजे खड्यांमुळे चिखलाचा थर जातो कुठेच नाही, उलट मुळांच्या जवळ वर सरकतो. शास्त्र या दुसऱ्या पक्षाच्या बाजूने आहे. मतदान पहिल्याच्या.

मी मधला मार्ग म्हणून लिहिलं, 'कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जाणार नाही.' दोन्ही पक्षांनी मला फितूर ठरवलं. त्यातल्या त्यात कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून सगळी मातीच भुसभुशीत करा, असं सुचवायला खतकाका उठले होते. पण ते उठले की बैठक अर्धा तास लांबते हे माहीत असल्याने लोकांनी टाळ्या वाजवून त्यांना खाली बसवलं.

तिसरी आणि चौथी ओळ विशेष काही न घडता पार पडली. 'भर पावसात खत देऊ नये, वाहून जाते.' आणि 'जास्वंदीची छाटणी करावी, फुले नव्या फुटीवर येतात.' ही दुसरी सूचना खास माझ्यासाठी होती हे सगळ्यांना कळलं, आणि कुणी काही बोललं नाही हा त्यांचा मोठेपणा.

पाचवी ओळ किडीची. 'झाडाचे रोज निरीक्षण करावे. मावा दिसल्यास १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल व थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.' साबण नसेल तर तेल पाण्यात मिसळत नाही, आणि उन्हात फवारलं तर पानं करपतात. हे सगळं एका ओळीत बसवताना अक्षर इतकं बारीक झालं, की ती ओळ वाचायला लोक फळ्याला नाक लावत.

आपण लिहिलेलं आपणच वाचावं, या उमेदीने मी शनिवारी संध्याकाळी जास्वंदीचं निरीक्षण केलं. शेंड्यांवर हिरवा मावा होताच. त्याचा चिकट गोड रस चाटायला मुंग्यांची रांग लागलेली. पण त्यांच्यामध्ये आणखी काहीतरी फिरत होतं. करड्या-काळ्या रंगाचं, अंगावर काटे, बाजूला नारिंगी ठिपके, सहा पाय. नखाएवढी मगर म्हणा ना. एक नाही, अकरा. चेहऱ्यावरूनच गुन्हेगार वाटत होत्या. अशा तोंडाचा प्राणी झाडाच्या भल्यासाठी आला असेल, असं कोण म्हणेल?

मी जुना टूथब्रश आणला. दहा मगरी पाच मिनिटांत निकालात काढल्या. अकरावी मात्र मंडळाला दाखवावी, आपणही निरीक्षण करतो हे कळावं, म्हणून पानासकट काचेच्या बाटलीत घातली आणि झाकणाला भोकं पाडली. मावा तसाच राहिला. तो हिरवा, गुबगुबीत, एका जागी बसून असतो. सज्जन वाटतो.

रविवारी बाटली खिशातून काढली तेव्हा आतली मगर चालायची थांबली होती. झाकणाला शेपटीकडून चिकटून, पाठ वाकवून मुटकुळं करून बसली होती. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "ही शेवटची. बाकीच्या दहा मी संपवल्या."

बाटली हातोहात फिरली. खडेवाद्यांकडून दुसऱ्या पक्षाकडे गेली, आजोबांकडे आली, आणि जिथे जिथे गेली तिथे तिथे शांतता पसरली. माझ्या मंडळप्रवेशापासून या चाळीस माणसांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होतो.

"अहो," गुलाबकाकू हळू आवाजात म्हणाल्या, "हे लेडीबर्डचं पिल्लू आहे."

"कसलं?"

"तो लाल भुंगेरा नसतो का, काळ्या ठिपक्यांचा? त्याची अळी ही. एकेक अळी मोठी होईस्तोवर शेकड्यांनी मावा खाते." मग त्यांनी बाटलीकडे पाहिलं. "दहा म्हणालात ना?"

आजोबा म्हणाले, "याने पोलीस मारले आणि चोराला पंगतीला बसवलं."

मी काही बोललो नाही. चष्मा पुसत बसलो. अध्यक्षबाईंनी निर्णय दिला : अकरावी माझ्याकडेच राहील, ती कोशात गेली आहे, आठवडाभरात बाहेर येईल, तोवर बाटली उन्हात ठेवायची नाही, हलवायची नाही, आणि "तुम्ही ब्रशला हात लावायचा नाही." आणि सहावी ओळ ठरली. आधी तिच्या जागी कलमवाटपाची तारीख येणार होती. आता लिहिलं, 'ओळख पटल्याशिवाय कोणताही कीटक मारू नये.' फळ्यावरची ही एकच ओळ आजवर कुणी बदलायला सांगितलेली नाही. येता-जाता लोक ती मोठ्याने वाचतात, मी जवळ असलो तर जास्तच मोठ्याने.

तो आठवडा मी बाटलीजवळ काढला. घरचे विचारायचे, "काय म्हणतंय?" मी म्हणायचो, "झोपलंय." दरम्यान जास्वंदीवर माव्याची भरभराट चालू होती आणि कडुनिंबाची बाटली हातात घेऊनही मला फवारायचा धीर होत नव्हता. न जाणो, या माव्यातही कुणाचं पिल्लू निघायचं.

शनिवारी पहाटे उठून पाहिलं. कोश फुटला होता. त्याच्या शेजारी एक किडा बसलेला. लाल नाही. फिकट पिवळा, ओलसर, सपाट रंगाचा. ठिपका एकही नाही. मी चष्मा लावून मोजले, काढून मोजले. शून्य. पोटात गोळा आला. आठवडाभर भलतंच काहीतरी सांभाळलं की काय?

पावणेसहाला गुलाबकाकूंना फोन लावला.

"काकू, बाहेर आलंय. पण पिवळं आहे. आणि ठिपके नाहीत."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग काकूंनी विचारलं, "ब्रश कुठे आहे?"

"कपाटात."

"कपाटातच राहू दे. आत्ताच जन्मलंय ना ते? रंग भरायला वेळ लागतो. ठिपके येईपर्यंत थांबा."

खुर्ची ओढून बसलोय. साडेआठ वाजलेत. डाव्या पंखावर काहीतरी काळपट दिसायला लागलंय, पण तो माझ्या चष्म्यावरचा डाग असण्याचीही शक्यता आहे.